एकशे चार

भात सोडला त्याला आता चौथा महिना.
सकाळी दोन अंडी, दुपारी बांगडा,
रात्री वाटीभर दुधी
मी चमच्याने खाते, पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखी.
घरातली बाकीची माणसं उकड्या तांदळाची पेज भुरकतात.
मी तो आवाज ऐकते.

मे महिना. शाळेची निकालपत्रकं लिहून
शिरोड्याच्या मिठागराच्या बांधावरून परतत होते.
चपलेचा पट्टा सावरायला वाकले,
उठले,
आणि मिठाचे सगळे ढीग
एका अंगाला कलंडले.

पर्समध्ये गुळाचा खडा असतो, कागदात बांधलेला.
तो काढला.
आनसाबाय पाटी रिकामी करता करता ओरडली,
"थांब गो! गूळ मागीर.
माझ्या घोवाक सात वर्सां साखर होती, माका ठावक आसा.
आदी सांग,
उटताना घेरी इली, की बसल्या बसल्या?"

उठताना.

"हात थरथरतत?"
मी दोन्ही हात पुढे धरले.
वहीवर रेघ मारावी इतके सरळ.

"पोटात खड्डो? घाम थंड लागता?"
भूक नव्हती. घाम होता,
पण तो उन्हाचा, तिच्याही मानेवरून ओघळत होता तोच.

"सकाळपासून मुताक कितीदा गेलंस?"
बांधावर दोन पुरुष होते. मी बोट दाखवलं. एक.
रंग तिला सांगितला नाही,
मला मात्र आठवला, हळदीच्या हातांसारखा.
जीभ टाळूला चिकटली होती,
आणि आदल्या रात्री पोटऱ्यांत गोळे आले होते,
ते मी जिन्यावर ढकलले होते.

तिथेच बसून बोट टोचलं.
यंत्राने जरा विचार केला,
एकशे चार.
साखर आपल्या जागी होती.

आनसाबायने बाटली दिली. पाण्यात आगळ,
वरून तिने पायाजवळच्या ढिगातली चिमूट टाकली
आणि हसली.
एवढ्या मिठात उभी राहून
मला मीठ कमी पडलं होतं.
पेडणेकर डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या,
भात जाताना एकटा जात नाही,
अंगातलं पाणी नेतो, पाण्यामागून मीठ.

मग मी शहाणी झाले.
आगळाची बाटली उशाशी.

जूनच्या एका रात्री जाग आली ती
विश्रामवर उगाच चिडून. पंखा का लावला,
पंखा का बंद केला.
पाठ भिजलेली, गार, जाळं पाण्यातून ओढल्यासारखी.
छातीत होडीचं इंजिन.
आणि भूक, अशी की उशी खावी.
हात सवयीने बाटलीकडे गेला.
जीभ ओली होती.
तिथेच थांबले.

पहिली पट्टी हातातून पडली, एवढी बोटं नाचत होती.
दुसरी विश्रामने लावली.
अठ्ठावन्न.
त्याने गूळ पाण्यात कालवून पाजला
आणि पंधरा मिनिटं भिंतीवरच्या घड्याळाशी
भांडण असल्यासारखा बघत राहिला.
पुन्हा टोचलं. त्र्याऐंशी.

भात सोडला होता,
भाताच्या दिवसांतली गोळी सोडली नव्हती.
बाईंनी ती दुसऱ्या दिवशी निम्मी केली,
आणि मला नाही, विश्रामला रागावल्या.
ते मला आवडलं.

आता आनसाबाय लांबूनच विचारते,
"काय गो, गूळ की मीठ?"
पर्समध्ये दोन पुड्या आहेत.
उन्हाळ्यात सोपं असतं, एक चिकट, एक खरखरीत.
पावसाळ्यात दोन्ही पाझरतात,
अंधारात हाताला सारख्याच लागतात.

मग मी बोट पुढे करते.